महारेरा नंबर आहे म्हणजे सगळं क्लिअर?

'महारेरा नंबर आहे, आणखी काय बघायचं?' डोंबिवली असो, बदलापूर असो की विरार, साइट ऑफिसात हे ऐकायला मिळतंच. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं नियामक प्राधिकरण. त्याचा नंबर असला की सगळं तपासलेलं, हा समज चुकीचा आहे, आणि चांगलाच महागात पडणारा.

कल्याण-डोंबिवलीतल्या 65 इमारतींचंच घ्या. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून त्यांची महारेरा नोंदणी मिळवली गेली. लोकांनी कर्ज काढून घरं घेतली (म्हणजे 'बँकेने लोन दिलंय ना' हाही पुरावा नव्हेच) आणि 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इमारती पाडायचा आदेश दिला.

नोंदणीचा उपयोग आहेच. ग्राहकांचे 70 टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तक्रारीला जागा मिळते. पण जमिनीच्या मालकीची हमी त्यात नसते.

म्हणून महारेराच्या साइटवरून सीसी, म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, उतरवून घ्या. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा, त्यांच्या नोंदीशी जुळतंय का विचारा. टोलवाटोलवी झाली तर सरळ माहिती अधिकारात अर्ज टाका. वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या तपासणीचा अहवाल, वेगळा घ्यायचा, आणि तोही बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको. टोकन, म्हणजे बुकिंगची रक्कम, त्यानंतर.