उणे ९.२ म्हणजे औषध नव्हे

'अमुक पाल्यात सूज उतरवणारं औषध सापडलं' अशा बातमीच्या मुळाशी गेलं, तर पुष्कळदा हाती एक आकडाच लागतो: उणे ९.२ किलोकॅलरी प्रति मोल. संगणकाने वनस्पतीतला रेणू प्रथिनाच्या खाचेत बसवून पाहिला आणि तो किती घट्ट धरला जाईल याचा अंदाज दिला, एवढंच. आकडा जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. याला डॉकिंग म्हणतात.

दाहासाठी बहुधा कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम) निवडतात; औषधाने ते रोखायचं असतं. अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन बनण्याची सुरुवात तिथे होते. सूज, वेदना, ताप त्यातून येतात. त्याचं भावंड कॉक्स-१ जठराच्या अस्तराची राखण करतं, म्हणून त्याला धक्का लावायचा नसतो. पंचाईत अशी की दोघांच्या खाचा जवळपास सारख्याच. प्रथिनाच्या साखळीत ५२३ क्रमांकाच्या जागी कॉक्स-१ मध्ये आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल, तर कॉक्स-२ मध्ये व्हॅलिन. व्हॅलिन एका कार्बनने लहान, आणि तेवढ्यानेच भिंतीत वाट मोकळी होऊन बाजूचा एक कप्पा उघडतो! कॉक्स-२ रोखणाऱ्या सेलेकॉक्सिब या औषधाचा सल्फोनामाइड गट नेमका त्यात शिरतो. तिथे कॉक्स-२ चं आर्जिनिन ५१३ असतं, कॉक्स-१ मध्ये त्याच जागी हिस्टिडिन. म्हणून रेणू एकट्या कॉक्स-२ मध्ये बसवून थांबणं म्हणजे अर्धवट काम. कॉक्स-१ मध्येही बसवून पाहायलाच हवा.

प्रत्यक्ष कामात प्रोटीन डेटा बँकेतून ३एलएन१ ही रचना घेता येते: उंदराचं कॉक्स-२, आत सेलेकॉक्सिब. पाण्याचे रेणू काढायचे, हायड्रोजन जोडायचे. हीम हा विकराचा लोहयुक्त भाग मात्र ठेवायचा. प्रथिनाबाहेरचं सगळं सरसकट पुसताना तोही जातो. खाचेभोवती प्रत्येक बाजूस सुमारे २२ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) चौकट आखायची आणि आधी सेलेकॉक्सिबच काढून पुन्हा बसवायचं. मूळ जागेपासूनचं विचलन २ अँगस्ट्रॉमच्या आत आलं, तरच नव्या रेणूंकडे वळायचं.

चूक रेणूच्या फाइलमध्येही दडलेली असते. हळदीतल्या कर्क्युमिनची उतरवून घेतलेली रचना बहुधा डायकीटो रूपातली असते. द्रावणात ते प्रामुख्याने इनॉल रूपात, म्हणजे सपाट आणि ताठ असतं. आकारच चुकला, तर पुढचे गुण कशाचे?

आता तो आकडा. ऑटोडॉक व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्राम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या अंदाजाची प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी दिली होती. साधारण १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दहापट फरक, आणि त्रुटी तर त्याच्या दुप्पट. त्यामुळे उणे ९.२ आणि उणे ७.८ यांत पहिला-दुसरा ठरवणं व्यर्थ. शिवाय अणू जास्त तितके स्पर्श जास्त, स्पर्श जास्त तितके गुण जास्त. साखर चिकटलेले बोजड ग्लायकोसाइड यादीत आपसूक वर सरकतात. रुटिन हे असंच एक ग्लायकोसाइड; त्याचा रेणुभार ६१० आहे. पेशीचं पटल ओलांडून कॉक्सपर्यंत ते कसं पोचेल, हे डॉकिंग विचारत नाही. 'नैसर्गिक' या शब्दालाही त्या गणितात गुण नाहीत.

यादीतले रेणू अखेर परीक्षानळीतच तपासावे लागतात, आणि तिथेही फसगत होते. क्वेर्सेटिनसारखे रेणू पाण्यात पुंजके करतात आणि विकर त्या पुंजक्यांना चिकटून निकामी होतं. त्यासाठी पुंजके फोडणारं ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य ०.०१ टक्का टाकून पुन्हा मोजायचं. परिणाम नाहीसा झाला, तर रेणू खाचेत बसला होता असं मानायला आधार उरत नाही.