सैल सुटलेल्या रक्तवाहिन्या

‘मुलीची जात चिवट’ असं आपण सहज बोलून जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपुरतं तरी त्यात तथ्य आहे. या बाळांमध्ये मुलगे जास्त दगावतात. फुप्फुसांचे त्रास आणि मेंदूतला रक्तस्रावही त्यांच्यातच अधिक. आठवडे सारखे, वजन सारखं, तरी असं का? उत्तराचा एक धागा अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये आहे.

गर्भात असताना बाळाचं बरंचसं रक्त वारेकडे जातं आणि वारेत त्याला फारसा अडथळा होत नाही. नाळ बंद झाली की ती मोकळी वाट संपते. आता कातडीतल्या, हातापायांतल्या बारीक धमन्यांनी थोडं आवळून घ्यायचं असतं, म्हणजे रक्तदाब टिकतो आणि मेंदूला रक्त पुरतं. हे ‘थोडं’ फार नाजूक आहे. प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या 20 टक्क्यांनी वाढली, तर तेवढ्याच दाबाखाली दुप्पट रक्त वाहतं!

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 24 ते 28 आठवड्यांत जन्मलेल्या बाळांच्या कातडीतला प्रवाह लेझरच्या किरणांनी मोजला. जन्मानंतर 24 तासांनी मुलग्यांच्या या सूक्ष्म वाहिन्यांतून मुलींपेक्षा जास्त रक्त वाहत होतं. वाहिन्या आवळायच्या वेळी सैल सुटल्या होत्या.

त्यांना सैल कोण करतं? वायू. नायट्रिक ऑक्साइड वाहिनीच्या स्नायूंना ढिलं करतो, या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. पण इथे संशय आहे तो कार्बन मोनॉक्साइडवर. हो, कोंडलेल्या धुरातला तोच जीवघेणा वायू आपलं शरीरही अगदी अल्प प्रमाणात तयार करतं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतलं हीम, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा लोहयुक्त भाग, फुटतं. त्याच्या प्रत्येक रेणूतून लोह सुटतं, कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू निघतो आणि उरलेल्या भागाचं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य होतं. म्हणजे ज्या मोडतोडीतून बाळाला कावीळ दिसते, तिच्यातूनच वाहिन्या सैल करणारा हा वायूही येतो. किती सुंदर जोडणी आहे ही! कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही याच कामात असतो.

‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यांपासून चालत आली आहे आणि ती साफ चूक आहे. गर्भात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. आणि ‘चिवट’ म्हणून मुलीच्या दुखण्याकडे काणाडोळा करायला तर यातलं काहीच आधार देत नाही.

नवजात कक्षात डॉक्टर बाळाच्या छातीच्या हाडावर बोट 5 सेकंद दाबून धरतात. कातडी पांढरी पडते, मग रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजतात. वाहिन्या सैल सुटलेल्या मुलग्यात रंग झटकन परतेल, कातडी छान गुलाबी दिसेल आणि तरीही शेजारच्या मॉनिटरवर रक्तदाब उतरलेला असू शकेल.