कायदा वायोमिंगचा, पहिलं मत युटाचं

अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क आधी कुठे मिळाला? वायोमिंगमध्ये, १० डिसेंबर १८६९ रोजी. मग या नव्या कायद्यांखाली पहिलं मत कुठल्या बाईनं दिलं? इथे बहुतेक जण पुन्हा वायोमिंगच म्हणतात आणि फसतात. ते मत पडलं शेजारच्या युटात, १४ फेब्रुवारी १८७० ला. युटाचा कायदा वायोमिंगनंतर दोन महिन्यांनी, १२ फेब्रुवारीला झाला. पण सहीची शाई वाळते न वाळते तोच, दोनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटीत नगरपालिकेची निवडणूक होती. वायोमिंगच्या बायकांची पाळी यायला सप्टेंबर उजाडला.

घोळ एवढाच असता तर तारखा पाठ करून भागलं असतं. पण दोन्ही प्रदेश एकमेकांना लागून, कायदेही जवळपास सारखे, म्हणून त्यामागची कारणंही एकाच पातेल्यात कालवली जातात. ‘पश्चिमेकडे बायका कमी, कष्ट सगळ्यांनी मिळून करायचे, म्हणून तिथे समानता लवकर आली’, असं सर्रास सांगितलं जातं. वायोमिंगबद्दल हे फार तर अर्धं खरं आहे. युटाबद्दल साफ चूक.

आधी दोन शब्दांचा उलगडा. ‘फ्रंटियर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव-कारवारचा सीमाभाग येतो. तो अर्थ इथे नाही. पूर्वेकडून गोरे लोक सरकत सरकत जिथवर वस्ती करत गेले तो कडेचा मुलूख म्हणजे फ्रंटियर. तो रिकामा नव्हता. शोशोनी, यूट, अरापाहो अशा लोकांची ती भूमी होती, आणि त्यांच्या बायकांना या दोन्ही कायद्यांचा उपयोग शून्य होता, कारण त्यांना नागरिकच मानलं जात नव्हतं. नागरिकत्वाचा सरसकट कायदा १९२४ ला आला. युटात राखीव भागात राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं मत तर १९५७ पर्यंत अडवलेलं होतं.

दुसरा शब्द ‘टेरिटरी’. टेरिटरी म्हणजे राज्य नव्हे. आपल्याकडे गोवा १९८७ पर्यंत केंद्रशासित होता, साधारण तसा प्रकार. स्थानिक कायदेमंडळ असायचं, पण गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमलेला, आणि तिथल्या काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, वाटलं तर स्थानिक कायदा पुसून टाकता यायचा. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सगळं हिच्यावरच फिरतं.

वायोमिंग टेरिटरी जन्माला आली १८६८ च्या जुलैमध्ये. युनियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ पुढे सरकत होते आणि त्यांच्या मागोमाग शायान, लॅरमी अशी गावं तंबूंसकट उगवत होती. १८७० च्या जनगणनेत अख्ख्या वायोमिंगची लोकसंख्या भरली ९,११८. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. त्यातही प्रौढांमध्ये साधारण एका बाईमागे सहा पुरुष.

विधेयक आणलं विल्यम ब्राइटनं. साउथ पास सिटी या सोन्याच्या खाणींच्या गावात दारूचा गुत्ता चालवणारा हा माणूस वरच्या सभागृहाचा अध्यक्ष होता. मूळचा व्हर्जिनियाचा. गुलामीतून सुटलेल्या काळ्या पुरुषांना मत मिळत असेल तर माझ्या बायकोला का नको, हा त्याच्या युक्तिवादाचा एक भाग होता. म्हणजे स्त्रीहक्काचा हा पहिला कायदा थोडाफार वर्णद्वेषाच्या खतावर वाढला. हे गिळायला जड जातं, पण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाकीच्यांची कारणं आणखी वेगळी. कायदेमंडळ सगळं डेमोक्रॅट आणि गव्हर्नर जॉन कॅम्पबेल रिपब्लिकन, तेव्हा त्याला पेचात पकडू, असं काहींना वाटलं. वर्तमानपत्रांत नाव गाजेल, बायका येतील, वस्ती वाढेल, असा काहींचा हिशेब. आणि हे न्यायाचं आहे असं मनापासून मानणारेही होते.

मतदान झालं: वरच्या सभागृहात ६ विरुद्ध २, खालच्या सभागृहात ७ विरुद्ध ४. बस्स. तेरा पुरुषांच्या होकारावर इतिहास घडला. कॅम्पबेल पेचात सापडण्याऐवजी त्यानं सही करून टाकली. कायद्यानं २१ वर्षांवरच्या बाईला मत तर दिलंच, वर सरकारी पदावर बसायचा हक्कही दिला. त्याच जोरावर फेब्रुवारी १८७० मध्ये एस्थर हॉबर्ट मॉरिस साउथ पास सिटीत जस्टिस ऑफ द पीस झाली. लहानसहान खटले चालवणारी न्यायाधीश. मार्चमध्ये लॅरमीत बायका ज्युरीत बसल्या.

एस्थर मॉरिसनं घरी चहाला बोलावून ब्राइटकडून वचन घेतलं, ही गोष्ट तुम्ही वाचली असेल. ती छापली गेली जवळपास पन्नास वर्षांनी, एका ओळखीच्या माणसाच्या आठवणीवरून. मला ती फारशी पटत नाही. चहाच्या कपानं कायदे होत असते तर आपल्याकडे एव्हाना रामराज्य आलं असतं.

सप्टेंबरच्या ६ तारखेला लॅरमीत लुइझा स्वेन सकाळीच घराबाहेर पडली. सत्तरीच्या उंबरठ्यावरची आजीबाई, अंगावर स्वच्छ एप्रन, हातात छोटं भांडं. बेकरीतून पावासाठी यीस्ट आणायचं होतं. वाटेत मतदानाची जागा लागली, मत दिलं, आणि यीस्ट घेऊन घरी गेली. वायोमिंगमधलं बाईचं पहिलं मत ते हे.

आता युटा. इथे चित्र अगदी उलटं आहे. १८७० ला लोकसंख्या ८६,७८६, म्हणजे वायोमिंगच्या नऊपटींहून जास्त, आणि त्यात बाया-पुरुष जवळपास निम्मे-निम्मे. बायका बोलावून आणायची गरजच नव्हती. उलट बाहेरच्यांची तक्रार होती की एकेका पुरुषाच्या घरात बायका फार झाल्यात. युटा हा मॉर्मन पंथाचा गड. पंथप्रमुख ब्रिगम यंग, आणि बहुपत्नीत्वाला धर्माची मान्यता.

बायकांना मत द्यायची टूम मुळात निघाली पूर्वेकडे, मॉर्मनांच्या विरोधकांत. त्यांचा तर्क सरळ होता: युटातल्या बायका सवतींखाली पिचलेल्या आहेत, त्यांच्या हाती मत दिलं की त्या स्वतःच बहुपत्नीत्व बुडवतील. काँग्रेसमध्ये जॉर्ज ज्युलियननं १८६९ ला तसं विधेयकही मांडलं. मॉर्मन पुढाऱ्यांनी ते ऐकलं आणि विरोध करायचं सोडून म्हणाले, द्या की! आपल्या बायका आपल्याविरुद्ध जाणार नाहीत याची त्यांना खात्री होती, आणि ‘आमच्या बायका गुलाम नाहीत’ हे जगाला दाखवायची यापेक्षा चांगली संधी कुठली? बायकाही गप्प बसलेल्या नव्हत्या. जानेवारी १८७० मध्ये बहुपत्नीत्वाविरुद्धच्या एका कडक विधेयकाच्या निषेधार्थ हजारो मॉर्मन बायकांनी सॉल्ट लेक सिटीत सभा भरवली होती. महिन्याभरात कायदेमंडळानं मताचा कायदा एकमतानं मंजूर केला आणि हंगामी गव्हर्नर एस. ए. मान यानं सही केली.

दोन दिवसांनी सेराफ यंग नावाची २३ वर्षांची शिक्षिका कामावर जाता जाता सकाळीच मत देऊन गेली. ती ब्रिगम यंगची चुलत नात. त्या दिवशी मोजक्या, पंचविसेक बायकांनी मत दिलं. ऑगस्टच्या निवडणुकीत हजारोंनी. पण युटाच्या कायद्यात एक कमतरता राहिली. मत होतं, पद नव्हतं. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानं १९२१ ला मालमत्तेच्या अटीवर बायकांना मत दिलं, तेव्हाही हाच प्रकार झाला: मतदार व्हा, उमेदवार नको. उमेदवारीचं दार १९२६ ला उघडलं.

दोन प्रदेश, दोन महिन्यांचं अंतर, आणि हेतू परस्परविरुद्ध. एकाला बायका हव्या होत्या, दुसऱ्याला असलेल्या बायकांची साक्ष हवी होती. समान धागा एकच. कायदेमंडळ छोटं असल्यामुळे दोन्हीकडे मूठभर पुरुषांना पटवलं की काम होत होतं. अख्ख्या राज्यातल्या पुरुषांचा कौल घ्यायची गरज नव्हती. तो घेऊन जिंकणारं पहिलं राज्य कोलोरॅडो, १८९३ चं. फ्रंटियरवरच्या मोकळ्या हवेचं कौतुक मी फारसं करत नाही ते यासाठीच. हवेपेक्षा टेरिटरीची व्यवस्था जास्त कामाला आली.

आणि तीच व्यवस्था उलटली. वायोमिंगमध्ये १८७१ लाच कायदेमंडळानं आपला कायदा रद्द करायचा ठराव केला. कॅम्पबेलनं व्हेटो वापरला. व्हेटो मोडायला दोनतृतीयांश मतं लागत होती आणि वरच्या सभागृहात एक मत कमी पडलं. एक मत! ज्युरीतून मात्र बायकांना त्याच सुमाराला बाहेर काढलं गेलं आणि ते दार पुढे कित्येक वर्षं बंदच राहिलं.

युटाला असा कुणी वाचवणारा मिळाला नाही. बायकांनी मत दिलं, दरवेळी दिलं, आणि बहुपत्नीत्व काही बुडलं नाही. पूर्वेकडचे लोक भडकले. ज्या मतामुळे या बायका सुटतील असं म्हणत होते, तेच मत आता त्यांना नवऱ्यांच्या हातातलं बाहुलं वाटू लागलं. मार्च १८८७ मध्ये काँग्रेसनं एडमंड्स-टकर कायदा केला आणि युटातल्या सगळ्याच बायकांचं मत काढून घेतलं. मॉर्मन असो वा नसो, एकटी असो वा सवत असलेली, सरसकट. सतरा वर्षं वापरलेला हक्क गेला. वॉशिंग्टन टेरिटरीतही (राजधानी नव्हे, वायव्येकडचा प्रदेश) त्याच वर्षी असंच झालं. तिथे १८८३ चा कायदा स्थानिक वरिष्ठ न्यायालयानं मोडीत काढला. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या, ठिकठिकाणी व्याख्यानं देत. त्या देशात एका बाजूला बायका डॉक्टर होत होत्या आणि दुसऱ्या बाजूला दिलेलं मत परत घेतलं जात होतं, हे दोन्ही त्यांच्या मुक्कामातच घडलं.

वायोमिंग तीन वर्षांनी, १० जुलै १८९० ला राज्य झालं. काँग्रेसमध्ये बायकांच्या मतावरून कडाक्याचा वाद झाला. तेव्हा ‘शंभर वर्षं संघाबाहेर राहू, पण बायकांना सोडून येणार नाही’ अशी तार वायोमिंगनं ठोकली, असं सांगतात. तारेचं मनावर घेऊ नका, राज्यघटनेचं घ्या. १८८९ च्या शायानच्या मसुद्यात समान मताचं कलम होतं, आणि त्या मसुद्याला मंजुरी देणाऱ्या मतदारांत बायकाही होत्या. राज्याच्या घटनेत बसलेलं कलम वॉशिंग्टनला सहज उपटता येत नव्हतं. युटाच्या बायका हे बघत होत्या. एमेलाइन वेल्सनं आपल्या पाक्षिकातून वर्षानुवर्षं लावून धरलं, १८९५ च्या घटना परिषदेत मोठी खडाजंगी झाली, आणि ४ जानेवारी १८९६ ला युटा राज्य झालं तेव्हा मत आणि पद दोन्ही घटनेत होते.

म्हणजे ‘पहिलं कोण’ याची उत्तरंही तीन-चार होतात. पहिला कायदा वायोमिंगचा, पहिलं मत युटाचं, समान मताचं पहिलं राज्य वायोमिंग. आणि काटेकोर बोलायचं तर न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या एकट्या बायका १८०७ पर्यंत मत देतच होत्या. पुढे ते काढलं गेलं.

युटाच्या त्याच पहिल्या वर्षात, नोव्हेंबर १८९६ च्या निवडणुकीत मार्था ह्यूज कॅनन उभी राहिली. ती डॉक्टर. मिशिगनला शिकून फिलाडेल्फियात पुढचं शिक्षण घेऊन ती परतली, आणि वर्षभरानं आपली आनंदीबाई जोशी त्याच शहरात वैद्यक शिकायला पोचली. मार्था अँगस कॅननची चौथी बायको. बहुपत्नीत्वाच्या खटल्यात नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यावी लागू नये म्हणून १८८६ मध्ये ती तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघून गेली होती. नवऱ्याला चार बायका असतील तर प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे मोकळे मिळतात, असं ती एका पत्रकाराला म्हणाली होती.

राज्याच्या सिनेटसाठी ती डेमोक्रॅट म्हणून उभी होती आणि अँगस रिपब्लिकन म्हणून. समोरासमोरची लढत नव्हती. पाच जागा आणि सगळ्यांची नावं एकाच यादीत. ती निवडून आली, अमेरिकेतली पहिली स्त्री राज्य सिनेटर झाली. नवरा पडला.