आयपॉडचा जीव चकतीत

दर सहा-आठ महिन्यांनी एक बातमी मोबाइलवर उगवते: ॲपल कंपनी आयपॉड पुन्हा बाजारात आणणार. सोबत गाणी ऐकायच्या त्या गोल चाकाच्या जुन्या यंत्राचा फोटो, त्यावर हल्लीच्या फोनचा कॅमेरा कुणीतरी संगणकावर चिकटवलेला. यंदा पावसाळ्यात ती आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन धडकली आणि कुडाळच्या भाच्याने लगेच विचारलं, "मामा, आयपॉड परत येतलो म्हणतत, खरां काय?"

कंपनीच्या मनात काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. पण एखादं यंत्र पुढे चालू राहणार की नाही, हे कळायला दर वेळी कंपनीच्या मनात शिरावं लागत नाही. ते यंत्र उघडायचं आणि त्याचा जीव कुठल्या भागात आहे ते बघायचं. तो भाग आज कुणी बनवतं का, एवढं विचारलं की निम्मं उत्तर हातात येतं.

आधी तारखा उरकून घेऊ. पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला जाहीर झाला. ५ जीबी, किंमत ३९९ डॉलर, जाहिरात 'खिशात हजार गाणी' अशी. मोठ्या हार्ड डिस्कवाला आयपॉड क्लासिक सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाला, नॅनो आणि शफल हे छोटे आयपॉड जुलै २०१७ मध्ये. शेवटचा उरलेला आयपॉड टच थांबवत असल्याचं कंपनीने १० मे २०२२ ला सांगितलं. म्हणजे गोल चाकाचा मोठा आयपॉड जाऊन दहा वर्षं उलटली तरी तो परत येण्याच्या बातम्या काही थांबत नाहीत.

आता तो जीव. फेब्रुवारी २००१ मध्ये ॲपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानमध्ये तोशिबाकडे गेले होते, दुसऱ्याच कामासाठी. तिथल्या अभियंत्यांनी त्यांना १.८ इंचाची एक इवलीशी हार्ड डिस्क दाखवली. जाडी ५ मिलिमीटर, क्षमता ५ जीबी. वस्तू बनवली होती, पण तिचं करायचं काय ते तोशिबालाच नीट सुचलेलं नव्हतं. रुबिनस्टाइनना ते तिथल्या तिथे सुचलं. आयपॉडचं दिसणं, चाक, पांढरा रंग यांवर पुष्कळ लिहून झालंय. माझ्या मते ते सगळं नंतरचं. ती चकती नसती तर हजार गाणी खिशात मावली नसती.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेली गुळगुळीत चकती. तोशिबाची ही चकती मिनिटाला ४,२०० फेरे घ्यायची, म्हणजे सेकंदाला ७०. हिशेब केला तर चकतीची कड ताशी साधारण ३५ किलोमीटर वेगाने पळते. तिच्यावर एका बारीक दांडीच्या टोकाला वाचणारं डोकं, त्याला हेड म्हणतात. हे हेड चकतीला टेकत नाही. चकतीबरोबर ओढली जाणारी हवा त्याच्या खाली घुसते, दाबली जाते आणि त्याला उचलून धरते. त्या काळच्या डिस्कमध्ये हे अंतर दहा-वीस नॅनोमीटरच्या घरात होतं. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला फार आवडते. समुद्रसपाटीवर हवेचा एक रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्याआधी सरासरी ६५ ते ७० नॅनोमीटर प्रवास करतो. हेडखालची फट त्याहूनही कमी! म्हणजे त्या फटीतले रेणू एकमेकांवर आपटण्यापेक्षा हेडवर आणि चकतीवरच जास्त आपटतात. वाहत्या हवेची जी समीकरणं विमानाच्या पंखाला लागतात, ती इथे जशीच्या तशी चालत नाहीत. विरळ वायूंची वेगळी गणितं घ्यावी लागतात. खिशात गाणं वाजत होतं ते या अशा फटीच्या भरवशावर.

हेड हवेवर तरंगतं म्हटल्यावर हवा कुठली हा प्रश्न आलाच. उंचावर हवा विरळ होते, उचलणारा दाब कमी पडतो, हेड खाली येतं. म्हणून हार्ड डिस्कवाल्या आयपॉडच्या माहितीपत्रकात वापराची कमाल उंची ३,००० मीटर दिलेली असायची. मालवणहून कुणी असा आयपॉड घेऊन लेहला गेलं असतं तर ३,५०० मीटरवर तो मर्यादेबाहेर गेला असता. आपल्या किनाऱ्यावर उंचीची चिंता नाही. इथे अडचण दुसरी, दमट हवेची. हार्ड डिस्कची पेटी पूर्ण बंद नसते; आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून तिला गाळणी बसवलेलं बारीक भोक असतं. गाळणी मिठाचे कण अडवते, पण पाण्याची वाफ हळूहळू आत जातेच. हेडखाली हवा कित्येक पट दाबली जाते आणि एवढ्या दाबाखाली वाफेतलं काही पाणी वायुरूपात टिकत नाही. जेवढी वाफ अशी गळते तेवढा उचलणारा दाब घटतो आणि हेड किंचित खाली उतरतं. जुलैत आमच्याकडे पापड वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्या हवेत हेड किती उंच तरंगणार याचा विचार डिस्क बनवणाऱ्यांना करावा लागला होता.

बरं, हेड तरंगलं. आता वाचायचं कसं? ५ जीबी एवढ्याशा चकतीत बसवायची तर एकेक चुंबकीय ठिपका अतिशय लहान करावा लागतो. ठिपका लहान झाला की त्याचं चुंबकीय क्षेत्रही क्षीण होतं, आणि जुन्या पद्धतीच्या हेडना ते जाणवेना. यातून वाट निघाली ती १९८८ मध्ये. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पेटर ग्र्युनबर्ग यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, एकच गोष्ट शोधली: लोखंड आणि क्रोमियम यांचे अतिपातळ थर एकावर एक ठेवले तर त्यांचा विद्युतरोध चुंबकाने बराच बदलता येतो. याला महाचुंबकीय रोध म्हणू.

इलेक्ट्रॉनला विद्युतभाराखेरीज स्पिन नावाचा गुण असतो. तो मोजला की दोनच उत्तरं मिळतात, 'वर' किंवा 'खाली'. चुंबकीय थरातून जाताना एका प्रकारचे इलेक्ट्रॉन सहज जातात, दुसऱ्या प्रकारचे ठेचकाळत. कुणी सहज जायचं ते थराच्या चुंबकत्वाची दिशा ठरवते. चतुर्थीच्या गर्दीत कणकवली स्टेशनच्या पुलावर दोन टीसी उभे आहेत असं समजा. दोघेही आरक्षणवाल्यांना सोडत असतील आणि जनरलवाल्यांना अडवत असतील, तर निदान आरक्षणवाले भराभर बाहेर पडतात. पण पहिला जनरलवाल्यांना अडवतोय आणि दुसरा आरक्षणवाल्यांना, तर प्रत्येक जण कुठे ना कुठे अडकतोच आणि सगळा पूल तुंबतो.

आकड्यांत बघू, दहावीतलं समांतर जोडणीचं सूत्र पुरेल. सहज जाणाऱ्याला एका थराचा रोध १ ओहम, ठेचकाळणाऱ्याला ५ ओहम धरा. दोन्ही थरांची दिशा एकच असेल तर एका प्रकारच्या इलेक्ट्रॉनांना १ + १ = २, दुसऱ्यांना ५ + ५ = १०. हे दोन प्रवाह समांतर, म्हणून एकूण रोध २० भागिले १२, साधारण १.६७. दिशा उलट असतील तर दोन्ही प्रकारांना १ + ५ = ६, आणि समांतर ६-६ चा रोध ३. म्हणजे एक थर नुसता फिरवला की रोध १.६७ वरून ३ वर, जवळजवळ दुप्पट. (आकडे समजुतीसाठी घेतलेत. फेर यांच्या मूळ प्रयोगात, द्रवरूप हेलियमच्या थंडीत, रोध जवळपास निम्मा झाला होता. ग्र्युनबर्ग यांच्या साध्या तीन थरांत, खोलीच्या तापमानाला, फरक दीडेक टक्क्याचाच होता.) मधला क्रोमियमचा थर एका नॅनोमीटरच्या आसपासचा असावा लागतो. तो जाड झाला तर दोन चुंबकी थरांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं, आणि तेही सरळ घटत नाही, जाडीनुसार दिशा आलटून पालटून बदलत घटतं. का, ते सांगायला धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या तरंगांपर्यंत जावं लागेल, म्हणून इथेच थांबतो.

हेडमध्ये यातला एक थर बांधून ठेवलेला असतो, दुसरा मोकळा. खालून चुंबकीय ठिपका सरकला की मोकळा थर वळतो, रोध बदलतो आणि तो बदल १ किंवा ० म्हणून वाचला जातो. १९९७ मध्ये आयबीएमने असं हेड विक्रीच्या डिस्कमध्ये बसवलं. शोधापासून बाजारापर्यंत नऊ वर्षं, भौतिकशास्त्रात हा वेग अफाट म्हणायचा. फेर आणि ग्र्युनबर्ग यांना नोबेल मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, आयपॉड क्लासिक बाजारात आल्यानंतर साधारण महिनाभराने. आणि त्याच वर्षी जूनमध्ये आयफोन विक्रीला आलेला होता.

एवढी नाजूक यंत्रणा खिशात घालून माणसं धावत होती, मग ती आपटून मोडत कशी नव्हती? कारण ती बहुतेक वेळ बंदच असायची. पहिल्या आयपॉडमध्ये ३२ एमबीची स्मृती होती. चकती काही सेकंद फिरायची, पुढची वीसेक मिनिटं पुरतील एवढी गाणी त्या स्मृतीत ओतायची आणि झोपी जायची. त्यामुळे हिसक्याने गाणं तुटायचं नाही आणि बॅटरी दहा तास पुरायची.

जुने नग आता चढ्या भावाने विकले जातात आणि त्यांच्याबरोबर भाकडकथाही. अमुक सालच्या आयपॉडमधल्या चिपचा आवाज 'उबदार' असतो, तसा पुन्हा होणे नाही वगैरे. झाकल्या चाचणीत ओळखून दाखवा म्हटलं की विकणारा विषय बदलतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, त्यातून साधारण २२,००० हर्ट्झपर्यंतचे सूर पकडता येतात. निरोगी तरुण कानाची धाव २०,००० पर्यंत आणि पन्नाशीनंतर त्याहून बरीच कमी. आवाजात फरक असतोच, पण तो हेडफोनमध्ये शोधावा. जुन्या रेडिओत आणि टीव्हीत 'लाल पारा' असतो म्हणून लाखो रुपये देऊ करणारी टोळकी गावोगाव फिरून गेली, त्याच मातीतलं हे पीक.

आता आयपॉडला मारलं कुणी? तोशिबानेच, एका अर्थी. फ्लॅश मेमरी शोधणारे फुजिओ मासुओका तोशिबाचेच अभियंते. नॅन्ड प्रकारची फ्लॅश त्यांच्या गटाने १९८७ मध्ये मांडली. तिच्यात फिरणारं काहीच नाही. काचेसारख्या अवाहक थरात कोंडलेल्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलायचे, ते तिथे अडकून बसतात, अडकले की ०, नसले की १. हेड नाही, हवा नाही, उंचीची मर्यादाही नाही.

ॲपलला हे लवकर कळलं. सप्टेंबर २००५ मध्ये त्यांनी आपला सर्वाधिक खपणारा आयपॉड मिनी, जो छोट्या डिस्कवर चालायचा, ऐन बहरात बंद केला आणि फ्लॅशवरचा नॅनो आणला. दोनच महिन्यांनी पाच चिप कंपन्यांना १२५ कोटी डॉलर आगाऊ देऊन २०१० पर्यंतचा फ्लॅशचा पुरवठा बांधून घेतला. त्या यादीत तोशिबा होतीच. फोनही त्याच फ्लॅशवर चालणार होता. २००८ च्या आर्थिक वर्षात आयपॉड सुमारे साडेपाच कोटी खपले आणि तिथून उतार लागला.

लॅपटॉपवाल्यांनीही फ्लॅश धरल्यावर १.८ इंची डिस्क घ्यायला गिऱ्हाईकच उरलं नाही. २०१४ मध्ये क्लासिक का बंद केला, याचं ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी दिलेलं उत्तर साधं होतं: त्याचे सुटे भाग जगात कुठेच मिळेनासे झाले आणि नव्याने रचना करण्याइतके ग्राहक नव्हते. क्लासिकबद्दलच्या अफवांना हे उत्तर अजून पुरतं.

फ्लॅशवरचा आयपॉड मात्र उद्याही बनवता येईल, त्यात तांत्रिक अडथळा कसलाच नाही. हौशी मंडळी जुना क्लासिक उघडून डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवतातच. सोनीने १९७९ चं वॉकमन हे नाव अजून सोडलेलं नाही, पण आजचा वॉकमन आत बघितला तर बराचसा सिमकार्ड नसलेला अँड्रॉइड फोन. ॲपलने नाव परत आणलंच तर असंच काहीतरी असेल. मला त्याची शक्यता कमी वाटते, कारण एकदा विकायच्या यंत्रापेक्षा महिन्याला वर्गणी देणारा श्रोता कंपनीला परवडतो.

वर्गणीच्या गाण्यांना नेटवर्क लागतं, ही गोष्ट मुंबईच्या कार्यालयांत बसून लक्षात येत नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाणं आधी उतरवून ठेवलं नसेल तर आत शिरल्यावर काय होतं ते कोकण रेल्वेच्या प्रवाशांना विचारा. ट्रॉलरवर समुद्रात आत गेलं की तीच कथा. म्हणून होडीवर, चिऱ्यांच्या खाणीवर, भजनाच्या तालमीत कार्ड घालायची खाच असलेले स्वस्त स्पीकर अजून वाजतात. प्लेअरची जात इथे चालूच आहे, फक्त तिला फळाचं चित्र नाही.

त्या कार्डांबद्दल एक सांगायला हवं. कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन कायमचे कोंडलेले नसतात, वर्षानुवर्षांत हळूहळू झिरपतात, आणि पत्र्याखालच्या उकाड्यात जास्त वेगाने. खूप वापरून झिजलेल्या कार्डात आणखी लवकर. कितीतरी दशावतारी रात्री आणि जाखडीचे सामने आज असल्या एकेका कार्डावर आहेत, दुसरी प्रत नसलेले. ती कार्डं दोन-तीन वर्षांनी संगणकाला लावून सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, आणि निदान एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवा.