जपानमध्ये गाडी चालवायचीय? आधी लायसन्सवरचं आडनाव बघा

गणपती गेले की मुंबईत उकाडा परत येतो. आपला शरद ऋतू म्हणजे ऑक्टोबर हीट. त्याच दिवसांत जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावर, झाडांची पानं रंग बदलायला लागतात. तिथल्या दाइसेत्सुझानच्या डोंगरांत तर सप्टेंबरच्या मध्यालाच, जपानभर सगळ्यात आधी. मागच्या वर्षी आम्ही दोघं तिथे भाड्याची गाडी घेऊन दहा दिवस फिरलो. घाई नाही, बसची वेळ गाठायची नाही, आवडेल तिथे थांबायचं. परत आल्यापासून ओळखीतली जोडपी एकच विचारतात, "आपलं लायसन्स तिकडे चालतं का गं?"

नुसतं लायसन्स चालत नाही. सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे सगळे ज्याला आयडीपी म्हणतात तो, लागतो. तो आरटीओत मिळतो, मूळ शुल्क १००० रुपये, आणि कागद जागेवर असतील तर काम किरकोळ आहे. घोडं अडतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: पासपोर्टवर एक नाव आणि लायसन्सवर दुसरं. म्हणून या लेखात अर्जापेक्षा नावावर जास्त लिहिलं आहे.

जपानला हाच परवाना का लागतो

आंतरराष्ट्रीय परवान्यांचे जगात तीन नमुने चालतात, १९२६, १९४९ आणि १९६८ च्या करारांचे. जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा कराराचा परवाना मानतो. भारत त्याच करारात आहे, त्यामुळे आपल्या आरटीओचा आयडीपी तिथे चालतो. स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, मोनॅको आणि तैवानच्या लोकांना मूळ लायसन्सचं जपानी भाषांतर करून घेऊन गाडी चालवता येते. या यादीत भारत नाही. "भाषांतर करून देतो, आयडीपी कशाला?" असं कोणी म्हणालं तर त्याचा वेळ वाचवा आणि स्वतःचे पैसेही. वैध परवान्याशिवाय गाडी चालवली तर जपानमध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड आहे, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

आयडीपी ही कागदी पुस्तिका असते, आणि पूर्वी आपल्याकडे प्रत्येक राज्याची पुस्तिका वेगळी दिसायची. कुठे रंग वेगळा, कुठे आकार. परदेशात त्यावरून अडवणूक व्हायची. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढून देशभर एकच नमुना ठरवला आणि परवाना मूळ लायसन्सशी क्यूआर कोडने जोडला.

कोणाला मिळतो

भारतीय नागरिक हवा, भारतात राहणारा हवा, आणि हातात पक्कं, चालू लायसन्स हवं. लर्निंगवर मिळत नाही. लायसन्सवर ज्या वर्गाची नोंद आहे तेवढंच आयडीपीवर येतं. नुसतं स्कूटरचं लायसन्स असेल तर आयडीपी मिळेल, पण त्यावर मोटार चालवता येणार नाही. माझ्या एका मैत्रिणीला कॉलेजपासून वाटत होतं की तिच्या लायसन्सवर दोन्ही आहे. मागची बाजू उलटून पाहिली तर एलएमव्ही, म्हणजे मोटारीचा वर्ग, कुठेच नाही!

आयडीपीची मुदत दिल्या तारखेपासून जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर आयडीपीही तेव्हाच संपतो. त्यामुळे पहिल्यांदा लायसन्सची तारीख बघा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. वय ४० च्या पुढे असेल तर नूतनीकरणाला डॉक्टरचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १ए, लागतं. आयडीपीसाठी वेगळं वैद्यकीय प्रमाणपत्र जानेवारी २०२१ पासून लागत नाही. तेव्हाच अर्जाच्या वेळी व्हिसा हातात असण्याची अटही काढून टाकली.

दोघांनी आळीपाळीने गाडी चालवायची असेल तर दोघांचा वेगवेगळा आयडीपी हवा. भाड्याच्या करारात ज्याचं नाव चालक म्हणून लिहिलेलं नाही त्याने स्टिअरिंग धरलं तर विमा लागू होत नाही. दहा दिवस एकट्यानेच गाडी हाकायची आणि दुसऱ्याने फोटो काढायचे, ही काही निवांत सहल नव्हे.

नावाचा गुंता

आता मुख्य गोष्ट. भाड्याच्या काउंटरवर तीन वस्तू शेजारीशेजारी ठेवल्या जातात: पासपोर्ट, मूळ लायसन्स आणि आयडीपी. आयडीपीवर नाव लायसन्सवरून येतं. तिकीट आणि व्हिसावर नाव पासपोर्टवरून. म्हणजे लायसन्स आणि पासपोर्ट जुळले नाहीत तर सगळ्याच कागदांची फाळणी होते.

आपल्या महाराष्ट्रात हे जास्त होतं, कारण आपलं नाव तीन मजली. मुलीचं लायसन्स लग्नाआधीचं, त्यावर मधलं नाव वडिलांचं आणि माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर मधलं नाव नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव. पुरुषांचंही अगदी सरळ नसतं. लायसन्सवर मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर पूर्ण नाव. हा फरक बहुतेक ठिकाणी चालून जातो. आडनावच वेगळं असेल तर नाही.

माझं असंच होतं. लायसन्स लग्नाआधीचं, पासपोर्ट नंतरचा. अर्ज भरला, पैसे भरले, कागद घेऊन खिडकीशी गेले. तिथल्या बाईंनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "मॅडम, या दोन बायका आहेत." चूक माझीच होती. तेरा वर्षं लायसन्स पर्समध्ये होतं, आणि आडनाव बदलून घ्यावं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

सोपा नियम असा: पासपोर्टला हात लावू नका, लायसन्स त्याच्याशी जुळवा. पासपोर्टवर आणि लायसन्सवर दोन्हीकडे माहेरचंच नाव असेल तर काहीच करायची गरज नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, कोणी काहीही सांगो. लायसन्सवरचं नाव बदलायचं असेल तर सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, त्याचाच वेगळा अर्ज आहे. त्याला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत ही नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात होते. हॉलवाल्याने दिलेला किंवा गुरुजींनी लिहून दिलेला कागद इथे चालत नाही. लग्नाशी संबंध नसलेला बदल असेल, म्हणजे स्पेलिंगच वेगळं किंवा नावच बदललेलं, तर राजपत्रातली नोंद लागते. महाराष्ट्र शासनाचं मुद्रणालय चर्नी रोडला आहे, पण राजपत्राचा अर्ज आता ऑनलाइन करता येतो. नवं लायसन्स, म्हणजे स्मार्टकार्ड, पोस्टाने घरी येतं. या एका कामासाठी महिनाभर हाताशी ठेवा.

अर्ज

परिवहनच्या सारथी पोर्टलवर जाऊन राज्य महाराष्ट्र निवडायचं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की तुमची माहिती समोर येते. ती आलीच नाही तर लायसन्स जुन्या पुस्तकी जमान्यातलं आहे आणि संगणकात चढलेलं नाही. मग आधी आरटीओत जाऊन ते संगणकात चढवून घ्यावं लागतं, त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. क्रमांक टाकताना एमएच आणि कार्यालयाचे दोन आकडे, मग वर्षाचे चार, मग सात आकडे, असा पूर्ण लिहायचा. ओटीपी येतो तो लायसन्सला जोडलेल्या मोबाइलवर. तो क्रमांक कधीच बंद झाला असेल तर आधी तो बदलून घ्या.

सेवांच्या यादीतून आंतरराष्ट्रीय परवाना निवडला की नमुना ४ए चा अर्ज भरायचा: पासपोर्टचा तपशील, कुठल्या देशात जाणार, किती दिवस. फोटो, सही, कागद अपलोड, शुल्क, आणि शेवटी पावती. अर्ज ऑनलाइन झाला तरी मूळ कागद दाखवायला आणि पुस्तिका घ्यायला एक फेरी धरून चला. मूळ लायसन्स, पासपोर्ट, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सगळ्याच्या झेरॉक्स. व्हिसा सक्तीचा नसला तरी तिकिटाची प्रत पिशवीत असू द्या. खिडकीवर वाद घालण्यापेक्षा एक झेरॉक्स जास्त स्वस्त पडते.

कार्यालय राहत्या पत्त्यावरून ठरतं. शहरात ताडदेव एमएच ०१, पश्चिम उपनगरांसाठी अंधेरी एमएच ०२, पूर्वेकडे वडाळा एमएच ०३, आणि बोरिवली एमएच ४७. ठाणेकरांचं ठाणे वेगळं आणि नवी मुंबईकरांचं वाशी वेगळं. लायसन्सवर गिरगावच्या चाळीचा पत्ता आणि राहता दहिसरला, असं असेल तर नावाच्या फेरीतच पत्ताही बदलून टाका. फाटकाबाहेर "आयडीपी, आयडीपी" म्हणत मागे लागणारे भेटतील. त्यांची तुम्हाला गरज नाही.

इंटरनेटवर "आंतरराष्ट्रीय ड्रायव्हर कार्ड" नावाचं प्लास्टिकचं कार्ड डॉलरमध्ये विकणाऱ्या वेबसाइट आहेत. दहा वर्षांची मुदत, घरपोच, वगैरे. १९४९ च्या करारातला परवाना कागदी पुस्तिकेचा असतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. दहा वर्षांचं आश्वासन दिसलं की पान बंद करा.

पुस्तिका हातात आली की खिडकीशीच उघडा

मुखपृष्ठावर १९४९ च्या कराराचा उल्लेख आहे का बघा. मग शेवटचं पान उघडा. ते फ्रेंचमध्ये असतं, तिथे तुमचा फोटो असतो आणि ए, बी, सी, डी, ई असे रकाने असतात. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे मोटार. बीच्या समोर शिक्का हवा. माझ्या नवऱ्याच्या पुस्तिकेवर फोटोवर शिक्का होता, सही होती, तारीख होती, आणि बीचा रकाना कोरा करकरीत. जिन्यापर्यंत पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. परत गेलो, अर्ध्या मिनिटात शिक्का बसला. तोच रकाना होक्काइदोच्या चितोसे विमानतळावर कोरा निघाला असता तर दहा दिवस रेल्वेने फिरलो असतो.

नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक, दिल्याची तारीख हेही तिथेच तपासा. आणि मूळ स्मार्टकार्ड सोबत न्यायलाच हवं. मुंबईत ट्रॅफिक हवालदाराला डिजिलॉकर दाखवून भागतं, तिकडे नाही.

वेळेचं गणित

सप्टेंबरअखेर निघायचं असेल तर नाव आणि नूतनीकरण जूनपर्यंत, आयडीपी जुलै-ऑगस्टमध्ये. गणपतीच्या दिवसांत सुट्ट्या आणि रजा यांत कामं लांबतात. आयडीपी फार लवकर काढण्यात फायदा नाही, कारण वर्ष तो दिल्या दिवसापासून मोजतात. जपान याशिवाय स्वतःची अट लावतो: देशात उतरल्यापासून एक वर्ष किंवा आयडीपीची मुदत, जे आधी संपेल ते. दोन आठवड्यांच्या सहलीला त्याने फरक पडत नाही.

व्हिसाच्या अर्जात रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो, कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, सोबत बँकेचं स्टेटमेंट आणि प्राप्तिकर विवरणपत्र. सप्टेंबरचा तिसरा सोमवार जपानमध्ये ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी असते आणि २२-२३ तारखेला शरद संपाताची, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाची. त्या दिवसांत जपानी लोकही गाड्या काढतात, म्हणून गाडी आणि खोल्या आधी बुक करा, आयडीपीची वाट न बघता.

काउंटरवर आणि नंतर

तिथली मुलगी आधी पासपोर्ट घेते, मग पुस्तिका थेट मागून उघडते आणि बीच्या शिक्क्यावर बोट ठेवते. मग दुसऱ्या चालकाची पुस्तिका. तिन्ही कागदांच्या प्रती काढते आणि किल्ली देते. गाडी परत देताना टाकी भरून द्यायची असते. साध्या पेट्रोलच्या नळीचा रंग लाल, जास्त ऑक्टेनचा पिवळा, डिझेलचा हिरवा. "रेग्युलर, मानतान" एवढं म्हटलं की पंपावर टाकी काठोकाठ भरून देतात.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे मुंबईकराला अर्ध्या तासात सवय होते. धोका आपल्याच सवयींचा. आपल्याकडे बऱ्याच सिग्नलला फ्री लेफ्ट असतो. तिकडे लाल दिवा म्हणजे डावीकडे वळणाऱ्यालाही लाल, दिवा किंवा बाण हिरवा झाल्याशिवाय हलायचं नाही. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवून मगच ओलांडायची. दारूची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरही नको, आणि प्यायलेल्या माणसाला गाडी चालवू देणारा शेजारचा प्रवासीही गुन्हेगार ठरतो.

सप्टेंबरच्या शेवटी होक्काइदोत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधार पडता पडता हरणं रस्त्यावर येतात. आम्ही रोज पाचच्या आत मुक्कामी पोचायचं ठरवलं होतं. एकदाच उशीर झाला, सोउन्क्योच्या घाटात. एका वळणावर हेडलाइटच्या उजेडात दोन हिरवे डोळे चमकले. नवऱ्याने ब्रेक दाबला. हरीण आमच्याकडे बघत दोन मिनिटं तसंच उभं राहिलं आणि मग सावकाश, आपल्या वेळेने, रस्ता ओलांडून गेलं.