पार्श्वभूमी : ड्रम कोअर स्पर्धांचे प्रक्षेपण आणि ‘सिंक’ हक्काचा गुंता

अमेरिकेतील ड्रम कोअर स्पर्धांची जुनी चित्रफीत मिळवून पाहणाऱ्याला एक अनुभव कधी ना कधी येतोच. संघ मैदानात उतरलेला असतो, रांगा वळत असतात, ध्वज हवेत फेकले जात असतात आणि मध्येच आवाज नाहीसा होतो. मिनिटभराने तो पुन्हा सुरू होतो. कधी त्या वर्षीच्या यादीतून एखाद्या संघाचा संपूर्ण कार्यक्रमच गायब असतो. हा तांत्रिक बिघाड नसतो. संगीत चित्राशी जोडण्याचा हक्क, ज्याला ‘सिंक’ म्हणतात, न मिळाल्याचा तो परिणाम असतो. या कलाप्रकाराचा प्रेक्षक कसा वाढला आणि कुठे अडला, याचा निम्मा इतिहास त्या मुक्या मिनिटात सामावलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ड्रम कोअर म्हणजे पितळी सुषिर वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वजपथक यांचा मिळून दीडशेच्या आसपास तरुणांचा संघ. तो उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतो, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपतो, दिवसभर सराव करतो आणि रात्री फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम परीक्षकांपुढे सादर करतो. आपल्याकडच्या ढोल-ताशा-ध्वज पथकाची आठवण व्हावी असे यात बरेच काही आहे. फरक इतकाच, की तिथे प्रत्येक रात्री शंभरपैकी गुण मिळतात, दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत मोजले जातात, आणि वय बाविशीपर्यंत आले की संघ सोडावाच लागतो.

पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी आपापल्या शाखांसाठी बिगुल आणि ढोल यांची पथके उभी केली. १९२१ पासून राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा सुरू झाल्या, आणि पुढे चर्च व वस्ती-मंडळांनी मुलांसाठीही पथके काढली. या काळातील प्रेक्षक म्हणजे त्या गावचे, त्या धर्मसभेचे, त्या वस्तीचे लोक. प्रक्षेपणाच्या दृष्टीने या अर्धशतकात सांगण्यासारखे फारसे नाही.

कलाटणी मिळाली ती १९७१-७२ मध्ये. गुणदानाचे नियम, मानधन आणि राष्ट्रीय स्पर्धेचे स्थळ हे सारे माजी सैनिकांच्या संघटना ठरवीत, आणि खर्चाचा व श्रमाचा भार मात्र पथकांनी वाहायचा, याला कंटाळलेल्या काही आघाडीच्या संघांच्या संचालकांनी स्वतःची शिखर संस्था स्थापन केली. ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या छोट्या विद्यापीठ-गावात तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियातून आलेला संघ विजेता ठरला. ही घटना सहसा स्वातंत्र्यलढ्याच्या भाषेत सांगितली जाते. प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी तिकीटविक्रीच्या पैशावर कोणाचा ताबा असावा याची लढाई होती. कार्यक्रम आपला आणि त्याचे ध्वनिमुद्रण विकण्याचा अधिकारही आपला, ही जाणीव संघांना त्याच वेळी झाली. त्या पहिल्या वर्षापासूनच्या अंतिम फेऱ्यांच्या तबकड्या निघाल्या आणि पुढची अनेक वर्षे स्पर्धेचा आवाज गावोगावच्या शाळांतील वाद्यवृंद-शिक्षकांपर्यंत याच तबकड्यांनी पोहोचवला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून अंतिम फेरी ‘पीबीएस’ या सार्वजनिक दूरचित्रवाणी जाळ्यावरून देशभर थेट दिसू लागली. रात्री उशिरापर्यंत चालणारे ते प्रक्षेपण पाहून पथकात जायचे ठरवले, असे सांगणारी एक आख्खी पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. या प्रक्षेपणामागे एक कायदेशीर अनुकूलताही होती, जिचा उल्लेख क्वचितच होतो. १९७६ च्या अमेरिकी प्रताधिकार कायद्यातील ११८ व्या कलमाने बिगर-व्यापारी सार्वजनिक प्रसारकांना प्रकाशित संगीतरचना ठरावीक मोबदल्यात वापरण्याची स्वतंत्र सोय दिली आहे, त्यामुळे अशा प्रसारकाला प्रत्येक गाण्याच्या मालकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. ही सोय प्रक्षेपणापुरती आहे. त्याच चित्रीकरणाची कॅसेट विकायची झाली तर ती उपयोगाची नाही. पुढच्या सगळ्या गुंत्याचे बीज या एका भेदात आहे.

मैदानावरची ही कला छोट्या पडद्यावर मुळातच नीट बसत नाही, हेही याच काळात लक्षात आले. आकृत्या रचलेल्या असतात त्या उंचावर, प्रेक्षागाराच्या माथ्याशी बसलेल्या परीक्षकांच्या डोळ्यांसाठी. कॅमेरा खाली आणून एखाद्या ढोलवादकाचा घामेजलेला चेहरा दाखवला की वर्तुळाचे चौकोनात झालेले रूपांतर निसटते, आणि कॅमेरा वरच ठेवला तर माणसांच्या मुंग्या होतात. यावर तोडगा म्हणून पुढे एकाच कार्यक्रमाच्या दोन आवृत्त्या विकल्या जाऊ लागल्या. एक उंचावरच्या स्थिर कॅमेऱ्याची, दुसरी अनेक कॅमेऱ्यांतून संकलित केलेली. जाणकार पहिली घेत, आईवडील दुसरी. आवाजाचा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण पितळी वाद्यांचा मारा स्टेडियमच्या वरच्या भागावर रोखलेला असतो आणि ध्वनिग्राहक बहुधा खालीच असतात. २००४ पासून ध्वनिवर्धनाला आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली, त्यावरचे वाद आजही मिटलेले नाहीत. तथापि पडद्यासमोर बसून पाहणाऱ्याला मैदानाच्या पुढच्या कडेवरची मरिंबा आणि झायलोफोन नीट ऐकू येऊ लागली ती या बदलांनंतरच, हे विरोधकांनीही मान्य करायला हरकत नाही.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत वस्ती-पातळीवरची पथके झपाट्याने बंद पडली. उरलेली मोजकी पथके देशभरातून, प्रामुख्याने संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांतून, सदस्य निवडू लागली. त्याबरोबर प्रेक्षकही बदलला. गल्लीतला प्रेक्षक गेला आणि माजी सदस्य, त्यांची कुटुंबे व शालेय वाद्यवृंदातील मुले हा प्रेक्षक राहिला. दूरचित्रवाणीवरचे थेट प्रक्षेपण जाऊन त्याची जागा उशिरा दाखवल्या जाणाऱ्या संपादित कार्यक्रमाने घेतली होती. नवे प्रेक्षक मिळवण्याचे दोन प्रयत्न एकापाठोपाठ झाले आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. २००४ मध्ये डेन्व्हर येथील उपांत्यपूर्व फेरी उपग्रहाद्वारे देशातील चित्रपटगृहांत थेट दाखवण्यात आली. २००५ मध्ये अंतिम फेरीचा दोन तासांचा संपादित कार्यक्रम ‘ईएसपीएन-२’ या क्रीडावाहिनीवर आला. क्रीडावाहिनीमुळे या कलेला लाखो नवे डोळे मिळतील अशी अपेक्षा होती. पण बारा अंतिम संघ, प्रत्येकाची अकरा-बारा मिनिटे, त्यात जाहिराती आणि सदस्यांच्या भावुक मुलाखती हे गणित दोन तासांत बसणारे नव्हते. जाणकारांना तो कार्यक्रम तुकड्यांचा वाटला, आणि अनोळखी प्रेक्षकाला गुण कशाचे दिले जातात हेच कळले नाही. क्रीडावाहिनीचा प्रयोग काही वर्षांत संपला. चित्रपटगृहांतला मात्र दीर्घकाळ टिकला, कारण तिथे येणारा प्रेक्षक अनोळखी नव्हताच. शाळेचा आख्खा वाद्यवृंद बस करून येत असे आणि अंधारात आपल्या आवडत्या संघासाठी आरोळ्या ठोकत असे.

आता त्या गुंतागुंतीच्या शब्दाकडे यायला हवे. ‘सिंक’ हे ‘सिंक्रोनायझेशन’चे लघुरूप आहे. संगीत हलत्या चित्राशी जोडण्याचा हक्क, असा त्याचा साधा अर्थ. ड्रम कोअरच्या वर्तुळात हा शब्द इतक्या सैलपणे वापरला गेला, की प्रताधिकाराच्या प्रत्येक अडचणीला ‘सिंकचा प्रॉब्लेम’ म्हणायची पद्धत पडली. वास्तविक एका गाण्याभोवती किमान चार वेगवेगळे हक्क असतात. मैदानावर ते वाजवायचे तर सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क लागतो. तो संगीतकारांच्या सामूहिक संस्थांकडून एकगठ्ठा परवान्याने मिळतो आणि त्यावरून सहसा तंटा होत नाही. ते गाणे पितळी वाद्ये आणि ढोल यांसाठी नव्याने लिहायचे तर रूपांतराचा हक्क लागतो. तो प्रत्येक पथकाला हंगामाआधी प्रकाशकाकडून घ्यावा लागतो आणि प्रकाशक नाही म्हणू शकतो. केवळ ध्वनिमुद्रण विकायचे तर ‘मेकॅनिकल’ हक्क लागतो, आणि इथे कायदा विक्रेत्याच्या बाजूने उभा राहतो, कारण रचना एकदा ध्वनिमुद्रित स्वरूपात बाजारात आली की मालकाला पुढील मुद्रणाला नकार देता येत नाही. ठरलेला दर भरला की काम झाले. २००६ पासून २०२२ अखेरपर्यंत पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्यासाठी हा दर प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता. तबकडी आणि सीडी इतकी वर्षे बिनबोभाट का निघत राहिल्या, याचे उत्तर या दरपत्रकात आहे.

सिंक हक्काला मात्र असे कोणतेही दरपत्रक नाही. मालकाने मागितली ती किंमत, आणि मालकाने नाकारले तर विषय संपला. एखाद्या बड्या चित्रपट कंपनीला ते परवडते, कारण तिला एका प्रसंगासाठी एक गाणे हवे असते. ड्रम कोअरच्या एका कार्यक्रमात चार-पाच संगीतकारांच्या रचनांचे तुकडे गुंफलेले असतात, त्यांतल्या एकेका रचनेचे दोन-तीन प्रकाशक असू शकतात, आणि असे डझनावारी संघ एकाच चित्रफितीत असतात. त्यात अनेक करारांत अशी अट असते, की दुसऱ्या कोणा हक्कधारकाला जास्त मोबदला दिला तर तोच आम्हालाही द्यावा. म्हणजे एकाने भाव वाढवला की सगळ्यांचा वाढतो. आणि चित्रफीत विकत घेणारे ग्राहक किती, तर काही हजार.

कॅसेटच्या जमान्यात याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. चित्रफीत इंटरनेटवर आली आणि जुन्या हंगामांचा साठा मासिक शुल्कात केव्हाही पाहण्याची सोय शिखर संस्थेने सुरू केली, तेव्हा हा व्यवहार प्रकाशकांना उघड दिसू लागला. शालेय आणि हौशी संघांसाठी परवाने मिळवून देणाऱ्या दलाल कंपन्या याच सुमारास पुढे आल्या. काही डीव्हीडी-चकत्यांमध्ये गाण्याचे तुकडे मुके करण्यात आले, आणि २०१५ च्या सुमारास संस्थेच्या संकेतस्थळावरचा जुना चित्रसाठा काढून घेण्याची वेळ आली.

हा निर्णय आजही वादग्रस्त आहे. संस्थेच्या समर्थकांचे म्हणणे असे, की एका दाव्यात संस्थेचे दिवाळे निघू शकले असते, कारण अमेरिकी कायद्यात हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी एकेका रचनेमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई लावता येते. हे खरे आहे. टीकाकारांचे म्हणणे असे, की रूपांतराचा परवाना घेतानाच चित्रीकरणाची अट घालायला हवी होती, ती जबाबदारी पथके आणि संस्था यांनी कित्येक वर्षे एकमेकांवर ढकलली, आणि त्याची किंमत ज्या सदस्यांनी एका उन्हाळ्यासाठी हजारो डॉलर भरले त्यांनी मोजली. त्यांना स्वतःचाच कार्यक्रम अधिकृतपणे पाहता येईना. हेही खरे आहे, आणि प्रस्तुत लेखकाला हे अधिक बोचणारे वाटते. पुढे अशाच एका दलाल कंपनीने कॅलिफोर्नियातील एका शाळेच्या गायनवृंदाशी संबंधित मंडळींवर भरलेल्या खटल्यात २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडील राज्यांच्या) संघीय अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला आणि शैक्षणिक उपयोगाला ‘फेअर यूज’चे, म्हणजे परवानगीविना मर्यादित वापराच्या कायदेशीर मुभेचे, संरक्षण दिले. त्याचा आनंद वाद्यवृंदांच्या जगातही साजरा झाला, परंतु तो निकाल गाण्याच्या रूपांतरित सादरीकरणाबद्दल होता. चित्रफीत विकण्याला त्याने मोकळीक दिली, असा त्याचा अर्थ काढणे चूक आहे. (पारंपरिक हातांवर, म्हणजे ठरलेल्या ठेक्यांवर, चालणाऱ्या आपल्या ढोल-ताशा पथकांना या कटकटीची कल्पनाही नसते, कारण त्या तालांना हक्क सांगणारा प्रकाशक नाही.)

२०१७ पासून हंगामाचे थेट प्रक्षेपण टेक्सासमधील एका क्रीडा-प्रक्षेपण कंपनीकडे गेले. जूनपासून ऑगस्टपर्यंतच्या अनेक स्पर्धा घरबसल्या दिसू लागल्या. पूर्वी वर्षातून एक-दोन रात्री दिसत. पण त्यासाठी वर्गणी भरावी लागते आणि ती काही गणपतीची वर्गणी नव्हे. महिन्याचा दर आणि वर्षभराचा दर यांतली तफावत, ऐन अंतिम फेरीत अडखळणारे चित्र आणि झालेला कार्यक्रम नंतर पुन्हा पाहायला मिळेल याची अनिश्चिती यांबद्दल प्रेक्षकांची कुरकुर दरवर्षी असते. मूळ अडचण अशी, की शुल्क भरून उन्हाळाभर पाहणारा मनुष्य आधीच या कलेचा भक्त असतो. योगायोगाने वाहिनी लावली आणि थबकला, असा जो प्रेक्षक पीबीएसच्या काळात मिळत असे, तो या व्यवस्थेत मिळत नाही. अनोळखी माणूस आता भेटतो तो मैदानाबाहेरच्या मोकळ्या जागेत ढोलवादकांचा सराव मोबाइलवर टिपलेल्या छोट्या चित्रफितींतून. त्यांत बहुतांशी ताल असतो, चाल क्वचितच, म्हणून प्रताधिकाराच्या दाव्यात न सापडता त्या टिकतात.

सिंकच्या धसक्याचा परिणाम संगीताच्या निवडीवरही झाला. खास संघासाठी लिहून घेतलेल्या मूळ रचनांचे प्रमाण वाढले आणि प्रताधिकाराची मुदत संपलेल्या रचनांकडे संगीत-संयोजक वळले. वीस वर्षे गोठलेली ही मुदत १ जानेवारी २०१९ पासून पुन्हा पुढे सरकू लागली. त्या दिवशी १९२३ मध्ये प्रकाशित झालेल्या रचना अमेरिकेत मुक्त झाल्या आणि त्यानंतर दरवर्षी आणखी एका वर्षाच्या होत आहेत. जॉर्ज गर्श्विनची १९२४ सालची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’, जिच्या मोहात मैदानी वाद्यवृंद अनेकदा पडले, ती १ जानेवारी २०२० रोजी सर्वांची झाली. त्या उन्हाळ्यात महामारीमुळे हंगामच रद्द झाला, आणि २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या मैदानावर संघ परतले तेव्हा गुण दिले गेले नाहीत.