जोडीने टिकणारे न्यूट्रॉन

दोन न्यूट्रॉन मोकळ्या अवकाशात शेजारी आले, तरी ते एकमेकांना बांधून ठेवू शकत नाहीत. त्यांच्यातले आकर्षण जरासे कमी पडते. अणुकेंद्रकात मात्र त्यांची जोडी जमते: दोघांचे स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) विरुद्ध, केंद्रकात फिरण्याची दिशाही विरुद्ध. प्रोटॉनही आपापसांत अशाच जोड्या जमवतात. म्हणून ज्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असतात, त्याचा मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेतला एकूण स्पिन शून्य भरतो. याला एकही अपवाद सापडलेला नाही.

जोडी जमली की ऊर्जा बाहेर पडते आणि केंद्रक अधिक घट्ट होते. युरेनियम-235 मध्ये (235 ही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) 143 न्यूट्रॉन असतात, म्हणजे एक बिनजोडीचा. बाहेरून मंद गतीचा न्यूट्रॉन आला की त्याची जोडी पूर्ण होते आणि सुमारे 6.5 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, केंद्रकातली ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा मिळते. केंद्रक फुटायला तेवढी पुरते. युरेनियम-238 मध्ये 146 न्यूट्रॉन आधीच जोडीने बसलेले. तिथे नव्या पाहुण्याकडून जेमतेम 4.8 एमईव्ही मिळते, ती अपुरी पडते. अणुभट्टीत 235 ला एवढे महत्त्व येण्यामागे या जोडीचा मोठा वाटा आहे.

अतिसंवाहक, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या धातूंत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशा बनतात, याचा सिद्धांत 1957 मध्ये आला. पुढच्याच वर्षी ऑगे बोर, बेन मॉटेलसन आणि डेव्हिड पाइन्स या भौतिकशास्त्रज्ञांनी केंद्रकातही तसेच काही घडत असावे, असे मांडले.

मला सर्वांत थक्क करते ते लिथियम-11. 1985 मध्ये इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत केलेल्या मोजणीत ते अपेक्षेपेक्षा फारच मोठे निघाले. लिथियम-9 च्या गाभ्याभोवती दोन न्यूट्रॉन दूरवर पसरलेले असतात. ते दोघे मिळून सुटायला फक्त 0.37 एमईव्ही पुरते. स्थिर केंद्रकातून एकच न्यूट्रॉन काढायला साधारण 8 एमईव्ही लागते. या दोघांतला एक काढा, दुसराही लगेच निसटतो, कारण लिथियम-10 टिकतच नाही. स्थिर केंद्रकात जोडीमुळे बंध थोडा पक्का होतो, एवढेच. इथे मात्र जोडी नसेल तर केंद्रकच नाही, मग त्याचे आयुष्य काही मिलिसेकंदांचे का असेना.

हेलियममध्येही हाच क्रम दिसतो. हेलियम-5 आणि 7 बांधून राहत नाहीत, 6 आणि 8 राहतात. हेलियम-10 मध्ये आणखी एक जोडी येते, पण तिथे तीही पुरी पडत नाही.